दाढेतलं पाणी

१२ डिसेंबर
पोचले एकदाची! तेलंगणाच्या सीमेवर, बेल्याच्या अलीकडचं गाव. इथल्या जमीनदार चंपतरावांनी माडीवरची खोली दिली. खिडकीतून कापूस पांढराशुभ्र दिसतो. त्यांच्या बांधाजवळ कालवा खोदताना सहा लेकरांचे सांगाडे निघाले. चंपतराव म्हणतात, निजामाच्या काळी पटकीनं मेलेली वाटसरूंची पोरं. माझं काम तेच तपासायचं. लहानपणी प्यालेल्या पाण्याची खूण दाढेत कायमची उरते. चंपतराव फार अगत्याचे. त्यांच्या पत्नी रेणुकाबाई मात्र तुटक, ताट वाढताना एवढंच विचारलं, “तुमी कवा जानार?”

१५ डिसेंबर
दाढा हैदराबादला पाठवल्या. तुलनेसाठी गेल्या वर्षी काढलेली माझीही दिली. मी जन्मापासून रत्नागिरीची, फरक ठळक दिसेल.

४ जानेवारी
निकाल आला. पोरं वाटसरूंची नव्हतीच, इथल्याच पाण्यावर वाढलेली. गंमत म्हणजे माझी दाढही तेच सांगते! प्रयोगशाळेचा घोटाळा, दुसरं काय. जेवताना हसत हसत सांगितलं. चंपतरावांचा घास हातातच राहिला. माझं वय विचारलं. रेणुकाबाई उठून आत गेल्या.

८ जानेवारी
पुन्हा तपासलं. तेच.
दुपारी एका बरगडीची माती धुतली, तर नायलॉनचं बटण निघालं. निजामाचा काळ कसला!
आईला फोन केला. बटणाचं, दाढेचं सगळं सांगितलं. मग तिनं सांगितलं: ती पूर्वी इकडे नर्स होती. एका बाईनं तीन वर्षांची पोर — मी — तिच्या पदरात टाकली. विहीर आटली की नवरा घरातलं एक लेकरू बळी देतो, म्हणाली.
आई रडत होती. ती पोलिसांना कळवते आहे. मला म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघ.
गाडीची किल्ली सापडत नाही.

८, संध्याकाळ
विहिरीवरचा पंप नुसती हवा ओढतो आहे. चंपतरावांनी फोन मागून नेला — एक कॉल करायचाय म्हणाले — परत दिला नाही. दाराला बाहेरून कडी.

रेणुकाबाई आल्या होत्या. दाराच्या फटीशी बसून बोलल्या, अगदी हळू.
“काऊन आलीस तू? इतकी दूर धाडली होती तुले.”
मी आई म्हटलं. पहिल्यांदा. त्या रडल्या नाहीत. गाडीची किल्ली आणते, मग कडी काढते म्हणाल्या —

खाली दोघांचे आवाज. चंपतराव विचारतात, वर कोनासंगं बोलून राह्यली होतीस. ती म्हणते, कोनाशीच नाई.
काहीतरी पडलं. तिचा आवाज थांबला —

जिना वाजतो. कडी काढतायत. तिचीच पावलं असू देत. तिचीच —