झेंड्यावरची वाफ

तीर्थरूप वाल्बुर्गा मावशीस,

ओटमारचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, पण वाकलो असं समज). देवाच्या दयेनं इकडे सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या गुंडेलरीटच्या चिन्हात निळ्यावर तीन पांढरे गोळे आहेत. ते बटाट्याचे वाफाळते क्नोडेल, दुष्काळात त्यांनीच गाव जगवलं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. नदीपलीकडचे आपल्याला 'गोळेगिळू' म्हणतात तेही त्यावरूनच. गेल्या महिन्यात घंटाघरातलं कपाट झाडताना (घंटेबरोबर झाडूही माझ्याकडेच आहे) मला चिन्हाचा मूळ कागद सापडला. बटाटा आपल्याकडे येण्याच्याही आधीचा. त्यावर स्वच्छ लिहिलंय, संत स्तेफानला ज्या धोंड्यांनी ठार मारलं, ते हे तीन. मावशी, मी तिथेच बसलो. जन्मभर मला हुतात्म्याच्या धोंड्यांकडे बघून भूक लागत आली.

कागद लपवणं माझ्याच्यानं झालं नाही. नगराध्यक्षा त्सेंकरबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "ओटमार, तुम्हाला झाडायला कुणी सांगितलं होतं?" मग खिडकीतून वर झेंड्याकडे बघून म्हणाल्या, "धोंडे तर धोंडे. पण धोंड्यांतून वाफ निघत नाही हो."

तीच अडचण. नगरसभेवरचा झेंडा आईनं शिवलेला, आणि तिनं प्रत्येक गोळ्यावर वाफेच्या तीन रेघा भरल्यात (मधल्यावर चार). आता स्तेफानच्या सणाला छापील झेंडा चढणार, हा तळघरात जाणार. वाफ उसवली तर हाच चालेल, असं बाई म्हणाल्या. पण आईच्या टाक्याला कात्री लावायला माझा हात धजेना. ती जाऊन सहा वर्षं झाली. रोज सकाळी झेंड्याची दोरी ओढताना तिच्याशी दोन शब्द बोलणं होतं. तळघरात काय बोलू?

कदाचित त्या रेघा वाफ नसून संताचं तेज असतील. शिवताना तू शेजारी होतीस. तसं असेल तर बाईंना दोन ओळी लिही. खोटं मात्र लिहू नकोस.

तुझा,
ओटमार

ता. क. तेजाचं पाद्रीबाबांना विचारलं. म्हणाले, "तेज संताला असतं, ओटमार. त्याला लागलेल्या धोंड्याला नाही."

आणखी एक. बाईंना लिहू नकोस. पाकीट चिकटवताना आठवलं. मी आठ वर्षांचा होतो, आईनं सुई थांबवून विचारलं होतं, "पुरे का रे वाफ?" मी म्हणालो होतो, "मधला जास्त गरम आहे." झेंडा सोबत पाठवतो आहे. तिचा टाका तुझ्याच हातानं उसवावा. सगळी वाफ काढ. मधली चौथी रेघ तेवढी राहू दे. खालून दिसत नाही.