चौघांचं औषध

७ जुलै १९८६
वाशीचा डॉक्टर म्हनाला, फोटोत काय नाय, रक्तात काय नाय, तरी दुखनं खरं हाय. सात वर्सांत पयला शहाना भेटला. नाव फायब्रो-का-काय. नुसत्या गोळीनं भागत नाय, चौघांनी मिळून करायचं. गोळी तो देनार, एक बाई व्यायाम शिकवनार, एक बाई मनातलं ऐकनार. चौथी मी. काय दुखलं ते रोज वहीत लिवायचं.
पावसात थांबलेल्या होड्या सुटल्या की बेलापूरच्या बाजारात माझी मासळीची पाटी, माझी जागा. तवर जागा धाकटी जाऊ केशरबाई राखते. तवा आले नाय तर दुसरीला देनार, बोलली. बोलू दे.

९ जुलै
व्यायामाला गेले. हात हळू वर न्या, कानाला लावा. अर्ध्या तासात परत आले. आज पदराचं वजन पन खांद्याला सोसत नाय, आनि ही हात खेळवते.

१० जुलै
सुचलं. वाटून घ्यायचं. गोळी आनि वही माझी. व्यायाम सून पुतळा करंल. मनातलं बोलायला नवरा जाईल. गोटीरामला घरात तसं पन कोन बोलू देतं?
पुतळा म्हनाली दुखतं तुमाला, हात मी हलवू? दुखनं घराचं हाय, सांगितलं.

१८ जुलै
गोटीराम दीड तास बोलून आला. डोळे लाल. काय बोलला ते सांगत नाय. माझ्या दुखन्यावर हा रडतो, नि मलाच पत्ता नाय.

२ ऑगस्ट
सकाळी मूठ वळली नाय. फनी पुतळानं फिरवली. तिचा हात सरळ कानाला लागतो, दोन भरल्या कळशा एकदम उचलते. गोटीराम जेवताना गुनगुनतो. इलाज लागू पडतोय. राहिलंय ते फक्त माझं अंग.

११ ऑगस्ट
गोटीराम एकदम म्हनाला, "सात वर्सं मला वाटायचं तू सोंग करतेस. त्या बाईला सांगितलं ते. आता नाय वाटत."
मी म्हटलं, भात तूच वाढून घे. हात दुखत होता म्हनून. दुसरं काय नाय.

२२ ऑगस्ट
होड्या आल्या. पाटी उचलली, छातीपाशीच अडकली. पुतळानं एकटीनं डोक्यावर घेतली. बाजारात केशरबाई म्हनाली, "जाऊबाय, जागेवर पुतळा बसंल. तुमी घरी जा."
आठ दिवसच, असं मी ठरवलं.

२३ ऑगस्ट
घरात कोन नाय. भिंतीला टेकून हात वर नेला. कानाच्या खाली थांबला. परत नेला, जरा वर गेला. त्याच्यापुढं काय करायचं ते पुतळाला म्हाईत.
ती बाजारात हाय.