पोट सुटलेली फिल्म

लिपोवात्स, ६ सप्टेंबर १९८७

चि. वुकाशिन यास पेर्सिदामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. फोटो आधी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा पुसून पाहिला. थडग्यावरचा तुझ्या रादोइकोकाकांचा चिनीमातीचा फोटो इतका लख्ख आलाय की मिशीतला केसन् केस मोजून घ्यावा. दगडावरचं शेवाळ लख्ख, कुंपणावरची गोगलगायसुद्धा लख्ख. आणि मधोमध खुर्चीवर जी कुणी वाफ बसली आहे, ती शालीवरून मी असावी असं वाटतं.

ट्रंकेएवढा तुझा कॅमेरा चढावर न्यायला गाढव लागलं. तू वरच्या अंगाला काळं फडकं डोक्यावर घेऊन उभा राहिलास आणि मला पापणीही हलवू नको म्हणालास. मी हलले नाही. मग हललं कोण, ते तरी कळव!

हसण्यावारी नेऊ नकोस. दगडावर काकांच्या शेजारी माझ्या फोटोसाठी कोरलेला लंबगोल नऊ वर्षं रिकामा आहे. नाव कोरलंय, जन्मसाल कोरलंय, पुढे नुसती रेघ. नोव्हेंबरात मित्रोवदानच्या सणाआधीच्या शनिवारी सगळा गाव शिजवलेले गहू आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या मेलेल्यांकडे जातो, आणि दर वर्षी माझ्या नणंदबाई, कोसारावन्सं, सगळ्यांदेखत त्या भोकाकडे बघून उसासा टाकतात. यंदा त्यांनी परस्पर माझ्या ओळखपत्राचा फोटो ग्वोझ्देन पाथरवटाला नेऊन दिला. त्यात मी कोंबड्या चोरताना पकडल्यासारखी दिसते. वीस ऑक्टोबरला तो फोटो चिनीमातीवर भाजायला शहरात भट्टीला पाठवणार. तोवर दुसरा आला नाही, तर नवऱ्याशेजारी कायमची कोंबडीचोर म्हणून बसेन. तसं मला बसायचं नाही.

आईला विचारलं म्हणून सांग. लोभ आहे. तो या फोटोसारखा होऊ नये, हे आता तुझ्या हातात.

तुझी,
पेर्सिदामावशी

बेलग्रेड, १२ सप्टेंबर १९८७

ती. पेर्सिदामावशीस, वुकाशिनचा शि. सा. न. वि. वि.

दोष तुझाही नाही आणि माझाही नाही, फिल्मचा आहे. ही फिल्म म्हणजे ताटाएवढा लवचीक तुकडा. कॅमेऱ्यामागे सरकवायच्या लाकडी चौकटीत ती फक्त कडांनी धरलेली असते. मी चढावर होतो, कॅमेरा खाली वाकवलेला होता, त्यामुळे तिला मधे पोट सुटलं. कडेला ती सपाट होती म्हणून काका स्पष्ट आले. तू नेमकी पोटावर आलीस. मिलीमीटरभर पोटही पुरतं.

यावर उपाय म्हणजे चिकट चौकट. आत सपाट पत्रा, त्यावर चिकट थर, आणि त्यावर फिल्मची पाठ दाबून बसवायची. इथे तयार मिळत नाही, तेव्हा घरीच करतोय. चिकटवायला माश्या पकडायच्या कागदावरचा डिंक घेतलाय, राळ आणि जवसाचं तेल शिजवून. आमच्या छायाचित्रणाच्या प्रोफेसरांनी कल्पकता वाखाणली. छायाचित्र ही प्रकाशाची साक्ष असते, मावशी, आणि साक्षीदार ताठच उभा राहायला हवा.

वीस तारखेला येतो. लेसची कॉलर काढून ठेव. भाजक्या लाल मिरच्यांचा आयवार घालून झाला असेल तर आई एक बरणी मागते आहे. माझ्यावरची माया फिल्मपेक्षा घट्ट धरून ठेव.

तुझा,
वुकाशिन

लिपोवात्स, २७ सप्टेंबर १९८७

चि. वुकाशिन यास आशीर्वाद. तूर्त एकच.

तुझा साक्षीदार ताठ उभा राहिला खरा, पण मग जागचा उठेना! माझी कोठी अंधारी करून, आयवारच्या बरण्यांमध्ये उकिडवा बसून तू ती फिल्म ओढत होतास आणि मी बाहेर लेसच्या कॉलरमध्ये घामाघूम. फिल्म फाटली, पत्रा वाकला, आणि कोठीला अजून राळेचा वास मारतोय. अरे, माश्यांचा डिंक माशी सुटावी म्हणून करतात का? एवढं कळायला प्रोफेसर लागतो?

आता दुसरं. तुझ्या आईने कौतुकाने तुझ्या प्रदर्शनाचं छापील आमंत्रण धाडलं. विषय, आपल्याच थडग्यापाशी बसलेली जिवंत माणसं. सातवा फोटो, खेड्यातली एक म्हातारी. वुकाशिन, तुला अक्षरओळख या म्हातारीने करून दिली. पेर्सिदा लिहायला काय जड गेलं? मला वाटत होतं तू माझ्या लंबगोलासाठी खपतो आहेस. तुझं लक्ष तुझ्या भिंतीकडे होतं. वाईट वाटलं मला, खूप वाईट वाटलं. लपवत नाही.

तरी पुढची कृती देते, कारण तुझ्यावर रुसून बसले तर फायदा वन्संचा. आमच्या शाळेत प्रती काढायचं यंत्र नव्हतं. प्रश्नपत्रिकांच्या प्रती मी खळीवर काढायचे. जिलेटिन एक वाटी, पाणी दोन, ग्लिसरीन पाच. जिलेटिन थंड पाण्यात फुगवायचं, मग उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात विरघळवून ग्लिसरीन घालायचं. पत्र्यावर पातळ ओतायचं, बुडबुडे कागदाच्या कडेने ओढून काढायचे. गार झाल्यावर बोट टेकव. बोट धरलं पाहिजे आणि सोडलंही पाहिजे. फार धरत असेल तर पावडरचा हलका हात फिरव. फिल्म सकाळी चिकटव आणि दुपारी कोपऱ्यातून सावकाश सोडव, मुक्कामाला ठेवू नकोस. तीस वर्षं मी या खळीवर प्रश्नपत्रिका काढल्या, आणि एकदा शाळा-तपासनिसावर रचलेल्या चार ओळी. त्यांच्या प्रती किती निघाल्या ते मी अजूनही सांगणार नाही.

बरणी पाठवलीय, ती तुझ्या आईसाठी आहे. लोभाचं नंतर बघू.

पेर्सिदा, खेड्यातली एक म्हातारी

बेलग्रेड, ६ ऑक्टोबर १९८७

ती. मावशीस, वुकाशिनचा शि. सा. न. वि. वि., आणि कान धरून माफी.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. तू म्हणतेस ते खरं आहे. आधी भिंतच डोक्यात होती, तू नंतर आलीस. नवी आमंत्रणं छापून घेतली आहेत, त्यात तुझं पूर्ण नाव आहे आणि पुढे शिक्षिका असं लिहिलंय. तरीही तुझ्या मनात नसेल तर सातवी जागा मोकळी ठेवीन.

आता खळीबद्दल सांगतो. पहिला घाणा घरमालकीणबाईंच्या फ्रिजमध्ये थिजायला ठेवला होता. बाईंना वाटलं डुकराच्या पायांची थिजवलेली पिख्तिये आहे. वर लसूण आणि लाल तिखट भुरभुरून त्यांनी ती पाहुण्यांना वाढली! पाहुणे सभ्य निघाले. एकाने मीठ कमी आहे म्हटलं, दुसऱ्याने पुन्हा मागून घेतली. आता बाई माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरा घाणा मात्र जमला. चौकट उलटी धरून झटकली, फिल्म ढिम्म हलली नाही. शिडीवर चढून कॅमेरा सरळ खाली रोखला आणि फरशीचा फोटो काढला, तर मधली फरशीही कडेच्या फरशीइतकीच स्वच्छ आली. आणि फिल्म सोडवताना अलगद सुटून आली. मावशी, प्रोफेसरांना खळीचं गुपित हवंय. मी सांगितलं, लिपोवात्सला जाऊन शिकून या.

रविवारी, अकरा तारखेला येतो. बसशील ना? लोभ मागायचं तोंड नाही, पण तुझ्याकडे शिल्लक असेल असं धरून चालतो.

तुझा,
वुकाशिन

बेलग्रेड, १५ ऑक्टोबर १९८७

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

सोबत फोटो. कॉलरच्या लेसमधली भोकं मोजून घे! असा काटेकोर फोटो मी आजवर काढला नाही. वीसच्या आत ग्वोझ्देनकाकांना दे आणि तो पहिला, धुकट फोटो चुलीत घाल.

सातव्या जागेसाठी तुझ्या होकाराची वाट बघणारा,
वुकाशिन

लिपोवात्स, ८ नोव्हेंबर १९८७

चि. वुकाशिन यास पेर्सिदामावशीचे अनेक, अगदी पूर्वीइतकेच, आशीर्वाद. वि. वि.

फोटो उत्तम आहे. वाईट इतकंच की तो खरा आहे. लेसची भोकं मोजली, मग सुरकुत्या मोजायला घेतल्या आणि गालाशीच थांबले. ओठावरची लव तर काकांच्या मिशीला आव्हान देते. कोसारावन्संनी तो दोन्ही हातांत धरून न्याहाळला आणि पहिल्यांदाच म्हणाल्या की वुकाशिन खरा कलावंत आहे हो. तेव्हाच मी समजले की त्यात मी किती वाईट दिसते.

तरी पाकीट घेऊन ग्वोझ्देनकडे निघाले. वाटेत काकांच्या थडग्यापाशी टेकले, चढामुळे चष्म्यावर वाफ आली म्हणून तो काढला आणि समोर बघितलं, तर काका धुकट. तुला ठाऊक नसेल, या माणसाने एकेचाळीस वर्षांत चष्मा लावला नाही. नाकाची शोभा जाते म्हणे. मीठ म्हणून साखर घालायचे, मला शालीवरून ओळखायचे. आणि रोज सकाळी सांगायचे की तू लग्नात होतीस तशीच आहेस. मी म्हणायचे, चष्मा लावा. ते म्हणायचे, कशाला, तुझंच नुकसान. मला तिथे रडू कोसळलं, नऊ वर्षांत कोसळलं नव्हतं इतकं.

तशीच घरी परतले आणि चुलीत न घातलेला तो पहिला फोटो ग्वोझ्देनला नेऊन दिला. त्याने मधली वाफ लंबगोल कापून भट्टीला धाडली.

काल सगळा गाव वर आला होता. कोसारावन्संनी लंबगोलाकडे बघून विचारलं की ही तरुण बाई कोण. मी त्यांच्या हातावर गहू ठेवले आणि म्हटलं, तुमची वहिनी.

तुझा तो ताठ फोटो बेलग्रेडच्या भिंतीवर खुशाल लाव, नावानिशी. तिथे मला सगळ्यांनी बघू दे. इथे मला एकाच माणसाने बघायचंय, आणि तो चष्मा लावत नाही.

घरमालकीणबाईंसाठी खऱ्या पिख्तियेचा डबा पाठवते आहे, मीठ बेताचं आहे. लोभ होता तिथेच आहे, हळूच सोडवलास तरी सुटायचा नाही.

तुझी,
पेर्सिदामावशी