गरुडाच्या आड आलेलं झाड

२ जानेवारी
लायब्ररीच्या तळघरात ईगल डेच्या, म्हणजे पंचवीस तारखेच्या गरुडोत्सवाच्या, कमिटीची मीटिंग. कॉफी पांचट, निर्णय त्याहून पांचट.

यंदा अध्यक्ष बर्निस व्हँडरमाट. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत होतो तेव्हा ही शेजारच्या वर्गात मुलांकडून बेडूक कापून घ्यायची. आज सगळ्यांसमोर म्हणाली, एव्हरेट, या हिवाळ्यात ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी गरुड पाहिला असेल, त्यानेच उद्घाटनाचं भाषण करायचं. फोटोही लागेल. मी म्हणालो, ते भाषण मी करतो. मिसिसिपी दक्षिणेला वाहते, तितकंच हे ठरलेलं आहे. ती म्हणाली, गेल्या वर्षी तू थांबेनास, म्हणून निम्मे लोक गरम चिलीच्या रश्श्याच्या तंबूत पळाले. उरलेल्यांचे कान गारठले.

इतकी वर्षं मी गरुडावर बोलतोय. तो प्रत्यक्ष पाहिलाय का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. स्वातंत्र्यावर बोलणाऱ्याला कुणी विचारतं का, की बाबा, ते तुला कुठे भेटलं?

शिवाय मी गरुड पाहिलेला आहे. नाण्यावर, टपालाच्या तिकिटावर, कोर्टाच्या भिंतीवर. आणि माझ्या शब्दांत तर तो उडतोच. गेल्या वर्षी मी 'आणि तो परत आला!' असं म्हणताच अख्खी गर्दी आ वासून माझ्या डोक्यावरून आभाळाकडे बघत राहिली. मी नदीकडे पाठ करून उभा होतो. तरीही वाक्याचा परिणाम मला जाणवला.

संकल्प : पंचवीस तारखेच्या आत गरुड. फोटोसह.

३ जानेवारी, सकाळ
मागच्या खोलीत टेलिस्कोप मांडला. तोंड नदीकडे. पहिल्याच दिवशी अडचणीचं मूळ सापडलं. आमच्या मागच्या लाकडी डेकपलीकडचं कॉटनवुडचं झाड नेमकं मध्ये येतं. एवढी मोठी नदी आणि मला दिसतात फांद्या.

लॉर्ना स्वयंपाकघरातून म्हणाली, ख्रिसमसच्या आधीपासून त्या झाडावर दोन मोठे पक्षी काड्या आणतायत. मी म्हणालो, कावळे. ती म्हणाली, कावळे कुत्र्याएवढे नसतात. मी म्हणालो, लॉर्ना, मी इथे राष्ट्रपक्षी शोधतोय. ती म्हणाली, मग शोध, पण तुझं ते तीन पायांचं यंत्र माझ्या कुंड्यांवरून उचल.

तिचं वाचन कमी आहे.

५ जानेवारी
धरणाच्या पार्किंगमध्ये गेलो. नदी गोठली आहे. धरणाखाली तेवढं पाणी उघडं राहतं, म्हणून मासे तिथे, म्हणून गरुड तिथे, म्हणून गावातली सगळी माणसं पिकअपमध्ये हीटर लावून तिथे. मी मात्र बाहेर उभा राहिलो. गरुड पाहायचा तर उभ्यानेच पाहावा, असं माझं मत.

बोलावण्यासाठी गरुडाचा आवाज मोठ्या स्पीकरवर लावला. काय ती किंकाळी! आभाळ चिरणारी. रक्त उसळतं. परिणाम : पाण्यावर होतं नव्हतं ते सगळं उडून गेलं. पिकअपच्या काचा खाली झाल्या. एक जण ओरडला, आजोबा, घरी जाऊन वाजवा!

बर्निस खाली उतरून आली. म्हणाली, एव्हरेट, हा ससाण्याचा आवाज आहे. गरुडाचा आवाज इतका किरटा असतो की सिनेमावाल्यांना लाज वाटते, म्हणून ते ससाण्याचा चिकटवतात. मी म्हणालो, बर्निस, किरट्या आवाजाचा पक्षी या देशाने निवडलाच नसता. ती म्हणाली, देशाने निवडला तेव्हा सिनेमे नव्हते.

मत्सर. दुसरं काय.

८ जानेवारी
हायवेवर ट्रकखाली आलेलं हरीण. त्यावर तीन प्रचंड पक्षी आतडी ओढत होते. दोन तपकिरी, एकाच्या डोक्यावर बर्फ साचलेला. गिधाडं! हॉर्न वाजवून हाकलली. बर्फवाला जागचा हलेना. माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच त्याच्या ताटात हात घातला आहे.

घरी सांगितलं तर लॉर्ना म्हणाली, गिधाडं हिवाळ्यात दक्षिणेला जातात. मी म्हणालो, हवामान बदललंय. ती म्हणाली, आणि डोक्यावरचा बर्फ गाडीच्या हॉर्नने पडला नाही? मी म्हणालो, गिधाडंच होती. गरुड मेलेलं खात नाही, दुसऱ्याचं हिसकावत नाही. माझं अर्धं भाषण या वाक्यावर उभं आहे.

११ जानेवारी
डेकवर माशाचं मुंडकं. शेजारच्या मांजरीचं काम. शेजाऱ्याला खडसावलं. तो म्हणाला, मांजर नोव्हेंबरात मेलं. मग म्हणालो, तर तुझं दुसरं मांजर. तो म्हणाला, दुसरं नाही. लोक धडधडीत खोटं बोलतात.

झाडावरून काड्याही पडतात. हाताएवढ्या जाड. आणि दिवसभर एक चिवचिव, गंजलेल्या बिजागरीसारखी. सीगल असणार. डेकवर भाषणाचा सराव करावा तर मध्येच ही बिजागरी वाजते. 'शेतांवर डीडीटी पडलं, ते माशांत गेलं, माशांतून गरुडात गेलं, आणि आई अंड्यावर बसली की अंडंच फुटायचं!' इथे श्रोत्यांनी थरारलं पाहिजे, तर वरून चिर्र, चिर्र, चिर्र.

लॉर्ना दार उघडून म्हणाली, जरा हळू बोल ना, ते घाबरतात. मी म्हणालो, कोण? ती म्हणाली, वरचे दोघं. मी म्हणालो, डीडीटीवरची बंदी माझ्या आवाजाने टिकली आहे. ती म्हणाली, बंदी आली तेव्हा तू कॉलेजात होतास आणि गिटार शिकत होतास. मी म्हणालो, आली असेल. टिकवणं वेगळं.

बर्निसला बोलावू का, असं विचारत होती. सक्त मनाई केली.

१४ जानेवारी
निर्णय झाला. झाड जाणार.

मोठ्या दृष्टीच्या आड लहान गोष्टी येतातच. इतिहासात पानोपानी हेच आहे. ज्यांनी त्या दूर केल्या त्यांचे पुतळे झाले, आणि ज्यांनी भोवती कुंड्या ठेवल्या त्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत.

रस्टी ओल्सनला फोन केला. झाडं तोडतो. माझा जुना विद्यार्थी, राज्यघटनेच्या पेपरात दोनदा नापास. म्हणाला, मिस्टर डी, आता थंडी फार आहे, उंच चढवणाऱ्या पाळण्याचा ट्रक सुरू होत नाही. सोमवारी बघू.

लॉर्नाला सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. खिडकीशी उभी राहून म्हणाली, चार दिवस झाले, दोघांत एका काडीवरून चाललंय. तो इकडे ठेवतो, ती तिकडे नेते. रोज सकाळी मी आधी तेच बघते, काडी कुठे आहे. मग कॉफी करते.

मी म्हणालो, लॉर्ना, मी तुला खरा गरुड दाखवीन.

ती म्हणाली, तू झाड पाडलंस तर मी ते विसरणार नाही. एवढंच. आवाज न चढवता. वक्तृत्वाचं प्राथमिक शिक्षणही नाही, तरी वाक्य मध्येच आठवत राहतं.

१६ जानेवारी
कडाका. घरातच सराव. जुन्या ग्रीसमध्ये एक वक्ता तोंडात खडे ठेवून बोलायचा. खडे बर्फाखाली, म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या. 'राष्ट्र' शब्दावर एक घशात गेली. लॉर्नाने पाठीत धपका घातला. गरजेपेक्षा जोरात.

रात्री जेवायला चिली आणि दालचिनी रोल. रोल माझ्या ताटात नव्हता.

२० जानेवारी
आजचा दिवस नीट लिहून ठेवतो, कारण पुढे लोक तो वेगळा सांगतील.

रस्टी आला. पाळणा वर गेला. करवत सुरू झाली. मी डेकवरून स्पीकर लावला, कारण अशा प्रसंगाला साजेसा आवाज हवा. तीच किंकाळी. करवत थांबली. रस्टी वरून ओरडला, मिस्टर डी, इथे खाटेएवढं घरटं आहे! मी म्हणालो, सीगलचं असेल, चालू दे. तो म्हणाला, आणि त्यात गरुड बसलाय! मी म्हणालो, डोक्यावर बर्फ असेल. तो म्हणाला, मिस्टर डी, बर्फाला चोच नसते!

पाळणा इतक्या वेगाने खाली आला की माझी कुंडी फुटली. म्हणजे लॉर्नाची. रस्टी म्हणाला, हे घरटं पाडलं तर मला तुरुंगात टाकतील. माझ्या मुलीचा मार्चमध्ये बाप्तिस्मा आहे. मी म्हणालो, निदान खालच्या फांद्या तरी. त्याने ट्रकमध्ये बसून काच वर करून घेतली.

मी वर पाहिलं. चष्म्यावर वाफ. पुसेपर्यंत दोन मोठ्या सावल्या नदीच्या दिशेने गेल्या.

आणि दारात बर्निस, सोबत वन्यजीव खात्याच्या अधिकारी बाई. लॉर्नाने सकाळीच फोन केला होता. नवऱ्याविरुद्ध! मी बाईंना सांगितलं की या पक्ष्याच्या पुनरागमनात माझा वाटा मोठा आहे. त्यांनी करवतीकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, हो, दिसतोय.

नियम असा : झाडाला हात नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, जवळ जायचं नाही. डेक बंद. करवत, स्पीकर, मोठ्याने बोलणं, सगळं बंद. मी विचारलं, मोठ्याने म्हणजे किती? लॉर्ना म्हणाली, तुझ्याएवढं.

तरी नीट विचार करता हा विजय आहे. साऱ्या नदीकाठात गरुडाने माझी जमीन निवडली. राष्ट्रपक्षी मतदान करतो तेव्हा असं करतो.

२१ जानेवारी
आले नाहीत.

बर्निस फोनवर म्हणाली, एवढा त्रास झाला की कधी कधी घरटं सोडून जातात. मी म्हणालो, माझ्याकडचं सोडणार नाहीत. ती काही बोलली नाही. ही बाई गप्प बसली की जास्त बोलते.

लॉर्ना खिडकीशी. कॉफी केली नाही.

२२ जानेवारी
आले नाहीत. दिवसभर मी काही बोललो नाही. घसा बसलाय, म्हणून. पेपरमिंटचा परिणाम.

घरटं मात्र आता दिसतं. खरंच खाटेएवढं. एवढं माझ्या डोळ्यांसमोर बांधलं गेलं आणि मी त्यातून नदी शोधत होतो, असं लॉर्ना म्हणेल. ती म्हणाली नाही. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी, सकाळ
दाढी करत होतो. लॉर्नाने हाक मारली नाही, नुसती बाथरूमच्या दाराशी आली आणि माझी बाही ओढली. साबणासकट खिडकीशी गेलो.

आला होता. एक. पायात काडी. पांढरं डोकं, पिवळी चोच, आणि चेहरा असा की माझं सगळं भाषण आधीच ऐकलंय आणि पटलं नाही. मग दुसरी आली. तिने काडी उचलून दुसरीकडे ठेवली. त्याने तोंड उघडलं. मी श्वास रोखला.

चिर्र, चिर्र, चिर्र.

लॉर्ना रडत होती. कांदे चिरले असतील. माझेही डोळे, साबण.

फोटो काढायला वळलो तर ती म्हणाली, माझ्याकडे आहेत. ख्रिसमसपासूनचे. फोन दाखवला. चारशेच्या वर असतील. मी विचारलं, मला का नाही दाखवलेस? ती म्हणाली, तू नदीकडे बघत होतास.

२३ जानेवारी, संध्याकाळ
कमिटीचा निर्णय. उद्घाटनाचं भाषण लॉर्नाकडे. हिने जन्मात माइक धरलेला नाही. मोठ्या मनाने माझी पानं तिच्यापुढे ठेवली. तिने त्यांवर गरम भांडं ठेवलं.

२५ जानेवारी
ईगल डे. विक्रमी गर्दी. लॉर्नाचं भाषण इथे पूर्ण लिहून ठेवतो, कारण तेवढी जागा पुरते : आमच्या झाडावर दोन आहेत. तो काडी आणतो, ती बदलते. मी लहान होते तेव्हा या नदीवर एकही नव्हता, माझ्या वडिलांना मरेपर्यंत दिसला नाही. दुपारी रस्त्यावरून पाहायला या. आणि हळू बोला.

एवढंच. हातमोज्यांतल्या टाळ्यांचा आवाज फार होत नाही, पण बराच वेळ चालला.

दुपारी सगळे आमच्या रस्त्यावर. बर्निसने मला काम दिलं. फाटकाशी पाटी धरून उभं राहायचं. पाटीवर 'शांतता राखा'. अधिकारी बाई शेजारी होत्या, म्हणून राखली.

डेस मॉइन्स शहरातून एक म्हातारा आला होता. माझ्याच वयाचा, काठी घेऊन. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आम्ही पोरं होतो तेव्हा म्हणायचे की संपले. खरंच परत आले का हो? कसे आले?

अख्खं भाषण ओठांपर्यंत आलं. डीडीटी, मासे, अंडी, बंदी, राष्ट्र. याच प्रश्नासाठी मी आयुष्यभर तयारी केली आहे. अधिकारी बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मी पाटी बगलेत घेतली आणि वर बोट दाखवलं.

त्याने मान वर केली. मग त्याने माझ्याकडे पुन्हा पाहिलंच नाही.