पेन्सिलचे ठिपके

८ फेब्रुवारी
पा.: बावीस अंड्यांपैकी सातांचे ठिपके वर नाहीत. पाचांचे बाजूला, दोनांचे पार खाली, वाळूत.
हे ठिपके मीच दिले होते, दिवाळीनंतर बेगमने अंडी घातली त्या दिवशी, मऊ पेन्सिलने, श्वास रोखून. गुहिऱ्याचं, ह्या रंग बदलणाऱ्या सरड्याचं, अंडं जसं पडलं तसंच राहावं लागतं. फिरलं तर आतला जीव गुदमरतो. ठिपका हलला म्हणजे कोणाचा तरी हात लागला.
बेगम जानेवारीत गेली. सुभेदार म्हातारा झालाय, डोक्यावरचा तुरासुद्धा सुरकुतला. दादाने पुण्याहून ही परदेशी जोडी आणली त्याला तीन वर्षं झाली. नोंदणीचा कागद मी डोळ्याने पाहिला, मगच पिंजरा घरात येऊ दिला. आता ह्या बावीसांशिवाय त्यांचं मागे काही नाही.
अंड्यांच्या पेटीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.
(हे पा. नाही. हे मी धरून चालले होते. दुरुस्त.)

९ फेब्रु.
दादाला कारखान्यावर फोन. "उंदीर असंल गं."
उंदीर खातो. फिरवून ठेवत नाही.
"मग सरळ करू का?"
"नगं. दोनदा फिरतील. हायेत तशी राहू दे."
रात्रभर तेच. राहू दिली तर माझा दोष, सरळ केली तरी माझाच.
अण्णांनी मला चौथीपर्यंत स्वतःच शिकवलं, दूध संस्थेत त्यांच्या टेबलाशी बसवून. दूध तपासता तपासता म्हणायचे, डोळ्याने पाहिलं ते 'पा.' खाली, कानाने ऐकलं ते 'ऐ.' खाली, मनात आलं ते सगळ्यात शेवटी, 'सं.' खाली, आणि त्यापुढे स्वतःची सही. संशयाला सही लागते म्हणायचे.
आज सं. लिहिणार नाही.

१० फेब्रु.
टँकर आला. दोन घागरी घरात, आंघोळीला माणशी एक कळशी.
सुभेदाराच्या पिंजऱ्यावर सलाईनची रिकामी बाटली भरून टांगली. वाटीतलं पाणी तो ओळखतच नाही. पानावर थेंब हलला तरच जीभ काढतो.
वहिनी ओट्यावरून, चार बायकांत: "माणसाला आंगूळ न्हाई अन् सरड्याला सलाईन! पुढच्या जलमी ताईच्या घरचा सरडाच व्हते मी."
बायका हसल्या. मी पण हसले.
ते पाणी माझ्या कळशीतलं असतं. वहिनींना सांगितलं नाही. कशाला सांगू?

११ फेब्रु.
वहिनींची महिला कुक्कुट संस्था गेल्या महिनाअखेरीला बंद पडली. पाणी नाही, खाद्य नाही. ऐ.: अंड्यांची शेवटची खेप उबवणीच्या मशीनमध्येच वाया गेली, त्यावरून बायकांत बोलाचाली झाली. वहिनी त्याबद्दल घरात बोलत नाहीत.
तेव्हापासून त्या दिवसभर घरी असतात. मी सकाळी अण्णांच्या हाताखाली संस्थेत. दादा कारखान्यावर. पेटी आणि सुभेदाराचा पिंजरा आहे त्या धान्याच्या अंधाऱ्या खोलीत आई पाऊल टाकत नाही, सुभेदाराचे डोळे दोन दिशांना फिरतात ते तिला सोसत नाही.
म्हणजे उरलं कोण.
सं.: वहिनी. — सु.

१२ फेब्रु.
पेटीच्या झाकणाच्या फटीत माझा एक केस अडकवून गेले. दुपारी आले तर केस जमिनीवर. पुन्हा लावला. शेळीला पाला टाकून आले तेवढ्यात पुन्हा पडलेला.
पा.: अकरा ठिपके हललेत. कालचे दोन बाजूचे आज वर आहेत.
कोणी नुसतं धुंडाळत नाहीये. कोणी नियमाने करतंय.
हे वाचून मलाच भीती वाटली.

१३ फेब्रु.
वहिनी भाकरी थापता थापता, सहज विचारल्यासारखं: "ताई, किती दिस लागत्यात ओ ह्या अंड्यांला?"
मी: "निघतील तेव्हा निघतील."
"कावून सांगत न्हाई? मी काय खाणार हाय का?"
नखात वाळू होती. पीठही असेल. नाही, वाळू. पिवळट.
त्या खोलीच्या दारात आल्या तर सुभेदार काळा पडला. पा. खाली लिहितेय. जनावर उगाच घाबरत नाही.

१५ फेब्रु.
तीनदा केस लावला, तीनदा पडला. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला.
आईला विचारलं, वहिनी मागच्या खोलीत जातात का. आई: "सुमे, घरातल्या माणसावर पाळत ठेवतीस?"
हो. ठेवते.

१६ फेब्रु.
केस जागेवर. दिवसभर.

१७ फेब्रु.
आजही जागेवर. थांबलं. का थांबलं? आईने सांगितलं असणार. सावध झाल्या.
सं. वर सही करताना हात अडला नाही.

१८ फेब्रु.
पकडलं.
संस्थेतून लवकर आले. खोलीचं दार लोटलेलं. वहिनी जमिनीवर आडव्या, झाकण काढलेलं, कान पेटीला लावलेला. डोळे मिटलेले. मी उभी आहे हे कळायला त्यांना बराच वेळ लागला. उठल्या, पदर सावरला, माझ्या बाजूने निघून गेल्या. डोळे ओले होते का? नक्की दिसलं नाही, लिहीत नाही.
कान कशाला? कसला मंत्र? आई करणी-बिरणी म्हणते तसलं काही...

१९ फेब्रु.
दादा आला. ऊसच नाही, गाळप लवकर आटपलं.
जेवताना मी बोलले. सगळ्यांसमोर. वही आणून वाचून दाखवली, तारखांनिशी. केस, नखं, कान.
अण्णांनी ताटावरचा हात उचलला.
दादा: "खरं हाय का?"
वहिनी: "हात लावला. खोटं कशाला बोलू."
"कावून?"
वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडेच पाहून म्हणाल्या, "माझ्या हातात अंडंच ऱ्हात न्हाई म्हणा."

२० फेब्रु.
सकाळच्या एसटीने वहिनी धारूरला, माहेरी. दादा स्टँडवर सोडायला गेला, येऊन जेवला नाही.
सुभेदार मला पाहून काळा पडला. मग आठवलं, मला पाहून नेहमीच पडतो. हे तेराव्या तारखेलाच लिहायला हवं होतं.

२ मार्च
ऊन वाढलं. पेटी आतल्या भिंतीकडे सरकवायची म्हणून दार पूर्ण उघडलं, मागे गोणपाट टाकायला.
दाराच्या मागच्या बाजूला कोळशाच्या रेघा. तीन-तीनच्या ओळी, एकाखाली एक. मोजल्या. अठरा ओळी. त्याखाली दोन ओळींची मोकळी जागा. मग एक गोल, त्यात २१.
असलाच तक्ता वहिनींच्या संस्थेत मशीनवर टांगलेला होता. उद्घाटनाला अण्णांबरोबर गेले होते तेव्हा पाहिलाय. कोंबडीची अंडी दिवसातून तीनदा फिरवायची. अठरा दिवस. मग थांबायचं. एकविसाव्या दिवशी कान लावायचा, पिल्लू आतून टोचतं का ऐकायला.
वहीत मागे गेले. सोळा तारखेला थांबलं. अठरा तारखेला कान.
त्यांनी विचारलं होतं, किती दिवस.

३ मार्च
धारूर. दादा एसटीत शेजारी बसला.
वहिनी अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी मनात मांडून नेलेलं काहीच बोलता आलं नाही. म्हणाले, "ह्यांना सात-आठ महिने लागतात. आणि फिरवायची नसतात."
सुपातला हात थांबला. "आठ महिनं? बाईमाणसाएवढं की ओ!"
आणि हसल्या. मग हसू गेलं.
"मशीनवर त्या दिशी माझीच पाळी हुती. करंट गेलता. हातानं फिरवायचं सोडून मी घरी आलते, घागरी भराय. टँकर पुन्हा कवा येईल... माघारी गेले तर समदी गार. तुमची अंडी नुसती पडल्याली बगून ऱ्हावंना. म्हणलं ताईला शाळा हाय, ह्याचं न्हाई कळत."
सूप खाली ठेवून: "मग मी मारली का, ताई?"
"नाही" म्हणायला हवं होतं. कोणीही म्हणालं असतं. मी म्हणाले, "माहीत नाही."
त्या उठून घरात गेल्या. मला वाटलं, संपलं. पिशवी घेऊन आल्या. "चला. उजेडाला धरून बगू. त्येवढं तर येतं मला."

४ मार्च
दार लावून, फटीत गोणपाट. वहिनींनी पुठ्ठ्याची नळी केली, खाली मोबाईलचा उजेड. अंडं न उचलता, वाळू बाजूला सारून, कडेने. मला इतकं हलक्या हाताने कधीच जमलं नसतं.
पा.: चौदांत लाल धागे, म्हणजे जीव आहे. तीन सांगता येत नाहीत. पाच पिवळी, बुरशी धरलेली. ती काढली.
पाचांपैकी तीन फिरवलेली होती, दोन न फिरवलेली.
ह्यातून काहीच सिद्ध होत नाही. वहिनींना तसंच सांगितलं. "म्हंजी सुटले बी न्हाई अन् अडकले बी न्हाई," म्हणाल्या.
रात्री वही उघडून सं. च्या सह्या मोजल्या. खोडल्या नाहीत. अण्णा म्हणायचे, खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची. काय दुरुस्ती लिहू ते सुचत नाही.

२१ एप्रिल
टँकर चार दिवस नाही. माजलगावच्या धरणातून सुटणारं पाणीही बंद, असं ऐ.
संस्थेचा थर्मामीटर अण्णांना विचारून आणलाय. पेटीत तीस, एकतीस. फार होतं. गोणपाट भिजवायला पाणी पाहिजे.
माझी कळशी संपलेली. दुपारी पाहिलं तर गोणपाट ओलं. वहिनींचे केस आठ दिवस धुतलेले नाहीत हे तेव्हा लक्षात आलं.
एक क्षण मनात आलं, हे पाणी मला दिसावं म्हणून टाकलंय का.
लिहिलं, कारण आलं होतं. सही करत नाही.

९ मे
आणखी दोन खराब. पंधरा उरली. दोन्ही फिरवलेली.
वहिनींना फक्त "दोन गेली" सांगितलं. कोणती, ते त्यांनी विचारलं नाही.

१४ जून
सुभेदार गेला. सकाळी फांदीला धरूनच होता, पाय सोडवावे लागले. दादाने बांधाकडेला पुरला. आई खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. तेवढंच, पण आली.

२८ जून
दुपार. वहिनींनी संस्थेत निरोप पाठवला: ताईला म्हणावं, अंड्याला घाम आलाय.
धावत आले. पा.: कोपऱ्यातल्या एका अंड्यावर बारीक थेंब. बाकी चौदा कोरडी. ठिपका दिसत नाही, म्हणजे खाली आहे. म्हणजे फिरवलेलं.
दादाने फोनवर सांगितलं, निघायच्या आधी घाम येतो. मरायच्या आधीही येतो.
आता वरच्या बाजूला खळगा पडलाय. आतून कोणी कवच ओढतंय, की आत काही उरलंच नाही?
वहिनी: "सोडवू का जरा? कोंबडीचं असतं तर..."
"नाही."
"न्हाई." मग त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. "बगा, आता हात लागत न्हाई."
माझा एक हात मांडीखाली आहे. दुसरा लिहितोय. पेन्सिलचं टोक पेटीपासून वीतभर.
वही मिटते. तोही हात खाली घालते.