देव पाण्यात, टीम बेसवर

रविवार, १६ जुलै २००६

आणि परत तेच! तिन्ही बेसवर माणसं उभी. एक धड फटका बसला की तिघंही पळत घरी येतात, तीन रन. पण नाही! गॅरीने तीनदा हवेत बॅट फिरवली – आऊट. पुढच्याने सरळ हातात झेल दिला – आऊट. बेस रिकामे असले की हेच मेले ढीगभर फटके मारतात. वेळेला एकाचा हात चालेल तर शपथ!

आमचे हे टीमचे मॅनेजर. जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळले, ते वेड साउथहॅम्प्टनला बस चालवायला लागले तरी गेलं नाही. बावन्नाव्या वर्षी तिसऱ्या बेसपाशी उभं राहून ओरडतात. मानेच्या शिरा टरारलेल्या. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या माणसाने असं ओरडायचं? डॉक्टर सांगून दमला, ऑपरेशन लवकर करा. ह्यांचं एकच – "सीझन होऊ दे."

मी घडीच्या खुर्चीत, थर्मास धरून. करणार काय?

बुधवार, १९ जुलै

हॉस्पिटलचा फोन. अठ्ठावीस ऑगस्टला ॲडमिट, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. हे म्हणाले, "त्याच आठवड्याच्या शनिवार-रविवारी प्लेऑफ आहेत. आम्ही त्यात गेलो तर मला जमणार नाही." एकदा आधी नाही म्हणून झालंय. आता परत नाही म्हटलं तर लिस्टमधून नाव जाणार, असं ती बाई स्पष्ट म्हणाली.

ईशिता म्हणते, "आई, इट्स हिज डिसिजन. बाबाला त्याची स्पेस दे."

"नवरा आहे तो माझा. स्पेस कसली!"

म्हणजे टीम हरली तर हे ऑपरेशनला जाणार. जिंकली तर नाही. माझं कुंकू त्या गॅरीच्या बॅटीला टांगलंय!

रविवार, २३ जुलै

जिंकले. क्रॉयडनला जाऊन! मला रडूच फुटलं. गॅरीची बायको पाठीवर हात फिरवत म्हणते, "हॅपी टिअर्स, लव्ह?" हो म्हटलं.

सोमवार, २४ जुलै

देव पाण्यात घातले. माहेरचा पितळी गणपती, स्टीलचं पातेलं, सोंड बुडेपर्यंत पाणी. सिंकच्या खिडकीत ठेवलाय. टीम हरू दे. हरेपर्यंत काढणार नाही.

मंगळवार, २५ जुलै

ईशिताने पाहिलं. "आई, बाप्पा ड्राउन होईल ना!"

सांगितलं तिला. मनातलं होईपर्यंत देवाला पाण्यात ठेवायचं. जीव गुदमरतो म्हणजे काय होतं ते त्यालाही कळू दे.

"दॅट्स ब्लॅकमेल, आई."

असेना का. मी सातवी पास व्हावं म्हणून माझ्या आईने घातले होते. नाही झाले. पण त्यात देवाची चूक नव्हती. गणिताची होती.

गुरुवार, २७ जुलै

हे पातेल्यापुढे उभे. डोळे भरलेले. "अगं, टीमसाठी? तू देव पाण्यात घातलेस?"

इतकी वर्षं ह्या खेळाला मी नावं ठेवली. आता हे माझ्याकडे असे बघत होते की लग्नातसुद्धा बघितलं नसेल. मी चहा टाकला.

रविवार, ३० जुलै

ह्यांनी सगळ्या टीमला सांगितलं!! गॅरी माझ्या खुर्चीपाशी आला, हात जोडले. "कीप हिम अंडर, मिसेस बी." भंगाळे काही त्याच्या जिभेला वळत नाही. आणि मग तिन्ही बेस भरलेले असताना असा हाणला की बॉल कुंपणापलीकडे झुडपात! चार रन. सगळी पोरं माझ्याकडे बघून ओरडतायत. मीही हात हलवला.

देवा, तुला आता मराठी कळेनासं झालं का?

रविवार, ६ ऑगस्ट

ब्रॅकनेललासुद्धा हरवलं. परत निघताना ह्यांनी किल्ली लावली, पण फिरवलीच नाही. हात छातीवर. कपाळाला घाम.

"अहो!"

"काही नाही. ॲसिडिटी. तुझे वडे जास्त झाले."

गाडी मला चालवता येत नाही. बसून राहिले.

रविवार, १३ ऑगस्ट

पाऊस. मॅच नाही. पातेल्यातलं पाणी बदललं.

रविवार, २० ऑगस्ट

शेवटची मॅच. जिंकले की प्लेऑफ. दोन पोरं स्पेनला सुट्टीवर, एकाचा पाय मुरगळलेला. शेवटच्या इनिंगला एक रन कमी, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले – आणि बॅटिंगला माणूसच उरला नाही. हे उठले. हेल्मेट घातलं.

"अहो, नको! बसा खाली!" सगळ्या मैदानाने ऐकलं. ईशिताने माझा हात धरला. तिचाच गार पडला होता.

तीन बॉल आले. तिन्ही मधोमध, मलासुद्धा दिसले. ह्यांनी बॅट खांद्यावरून हलवली नाही. असे तीन सोडले की खेळ खलास. आऊट. संपलं!

पोरं मान खाली घालून बसली. मला नाचावंसं वाटत होतं. घरी आल्या आल्या देव बाहेर काढले, पुसले, गूळ ठेवला.

सोमवार, २१ ऑगस्ट

हॉस्पिटलचा फोन आला. मी शेजारीच उभी. हे म्हणाले, "ऑक्टोबरनंतर बघू या."

ऑक्टोबर? आता कुठली मॅच? कुठला प्लेऑफ? ती बाई म्हणाली, शुक्रवारी पाचच्या आत हो म्हणा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

फोन ठेवला नि मी तोंड सोडलं. बरंच बोलले. हे भिंतीकडे बघत म्हणाले, "काल बॉल दिसत होता गं मला. वाटलं, मारला तर पळावं लागेल. पळताना पडलो तर? आणि तिकडे ते छाती करवतीने उघडतात. उठलोच नाही तर?"

महिनाभर मी गॅरीला शिव्या घालतेय!

मंगळवार, २२ ऑगस्ट

देव परत पाण्यात. ह्यांना तोंडावर सांगितलं – शनिवारी हरतालिका. लग्न झाल्यापासून दर वर्षी तुमच्या आयुष्यासाठी उपाशी राहिले, पाण्याचा थेंब घेतला नाही. नुसतं उभं राहणाऱ्या माणसासाठी यंदा राहणार नाही. शुक्रवारी पाचच्या आत फोन करा, नाहीतर शनिवारी तुमच्यासमोर ताट घेऊन पोटभर जेवेन. हो की नाही, सांगा!