तळमजल्याच्या सिंकमध्ये होणारी आवक

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय.

विषय : माझ्या स्वयंपाकघरातील नळ येत्या शुक्रवारी सील न करण्याबाबत.

संदर्भ : (१) आपले ‘गरम पाण्याचा रविवार’ हे परिपत्रक. (२) ‘सिंकचा निष्काळजी वापर’ या कारणाखाली मला आलेली आपली नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज करते की, मी भांडार विभागात भांडारपाल असून इमारतीच्या तळमजल्यावर राहते. माझी लेक बाळंतपणाला आली असून घरात तीन आठवड्यांचे बाळ आहे. त्याच्या बाटल्या, वाट्या, चमचे दिवसभर धुवावे आणि उकळावे लागतात. नळ सील झाल्यास ते कोठे धुवावेत, याचा खुलासा आपल्या नोटिशीत नाही.

२. माल येतो किती आणि जातो किती, एवढेच पाहण्यात माझी नोकरी गेली. तरी जावकीसाठी बसवलेल्या वस्तूतून आवक होताना मी प्रथमच पाहते आहे. वरच्या चारही मजल्यांच्या सिंकचे पाणी एकाच उभ्या पाइपातून उतरते व माझ्या ओट्याखालच्या वळणावर तुंबून माझ्या सिंकमधून वर येते. परिणामी कोणाकडे काय शिजले हे मला न विचारता कळते. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तळलेले सोडले आहे, अशी त्यांच्या पत्नीची समजूत आहे. माझ्या सिंकची तशी समजूत नाही. असो, कोणाच्या संसारात मला पडायचे नाही. त्यांचा संसारच माझ्या सिंकमध्ये पडतो, एवढीच तक्रार.

३. पूर्वी हे अधूनमधून होई. आपले परिपत्रक निघाल्यापासून दर रविवारी होते. दहाचा भोंगा झाला की प्रत्येक घराने पातेलेभर उकळते पाणी सिंकमध्ये ओतावे, असा आपला आदेश. लोक तो इमानेइतबारे पाळतात. इतका एकोपा या इमारतीत पाण्याची टाकी फुटली तेव्हाही दिसला नव्हता. पण महोदय, उकळत्या पाण्याने तेल-तूप नाहीसे होत नाही, वितळून खाली सरकते. वरच्यांचे पाइप लख्ख होतात आणि चार घरांचा तो चिकटा माझ्या वळणावर येऊन निवतो, थिजतो, दगड होतो. “काकू, आमचं बघा कसं घळाघळा जातं! तुमच्याच सिंकला काय धाड भरते हो?” असे दुसऱ्या मजल्यावरची नर्सबाई मला जिन्यात विचारते. जाते कोठे, हे मात्र तिने कधी विचारले नाही.

४. आपला प्लंबर आला. त्याने वळण उघडून नारळाएवढा पांढरा गोळा काढला, हुंगला आणि म्हणाला, “बाई, हा माल तुमचा नाही. वरचा आहे.” मी म्हटले, मग अहवालात तसे लिही. तो म्हणाला, “लिहिलं असतं. पण वर साहेब राहतात.” आणि त्याने ‘वापरकर्त्याचा निष्काळजीपणा’ हा शिक्का उमटवला. त्याचा मला राग नाही, त्यालाही लेकरेबाळे आहेत. शिक्का त्याचा, पण नोटीस माझी.

५. काल पुन्हा रविवार होता. बाळाच्या बाटल्या नुकत्याच धुऊन ओट्यावर पालथ्या घातल्या होत्या. मागच्या रविवारी अशाच बाटल्यांवर कोणाच्या तरी चहाचा चोथा चढला आणि लेक रडली होती. म्हणून जावयाने लाटण्याचे जाड टोक कापून, चिंध्या गुंडाळून, भोंग्याआधीच ते माझ्या सिंकच्या तोंडात ठोकून बसवले. घरातले एकुलते एक लाटणे त्यात कामी आले. आमचे सिंक कोरडे राहिले. पाणी बिचारे जाणार कोठे? खाली वाट नाही, तळमजल्यावर बूच. ते पहिल्या मजल्यावर गेले. पहिल्या मजल्यावर आपण राहता.

६. “अहो, इकडे या आधी! हे काय वर येतंय बघा!” ही वहिनीसाहेबांची हाक मी खाली स्पष्ट ऐकली. लगेच ओळखली, गेले कित्येक रविवार ती माझीच होती. मी वर फडकी आणि बादली घेऊन आले होते. आपण दार उघडलेत तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती, त्यामुळे हा विषय काढणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून लेखी कळवीत आहे.

७. आपल्याकडे प्लंबर चहा निवायच्या आत आला, याबद्दल कार्यालयाचे अभिनंदन. आपल्या घरच्या अहवालावर त्याने कोणता शिक्का मारला, ते कळावे. तोच असल्यास शुक्रवारी सील करणाऱ्या माणसाला दोन मजले करावे लागतील; तसे त्याला आधी सांगावे, म्हणजे तो सामान पुरेसे आणील. वेगळा असल्यास तोच मलाही मिळावा.

८. सबब विनंती की, नोटीस मागे घ्यावी. गरम पाण्याचा रविवार बंद करून, तेलकट भांडी आधी रद्दी कागदाने पुसावीत व प्रत्येक सिंकला जाळी असावी, असे नवे परिपत्रक काढावे. आणि वळणाखालचा पाइप एकदा मुळापासून साफ करावा. तोपर्यंत दर रविवारी भोंग्याआधी बूच जागेवर बसेल. त्यात आपला अवमान नाही, बाळाच्या बाटल्या आहेत.

आपली, अजून तरी नम्र,
तळमजल्यावरील भांडारपाल
(सही)

दिनांक : सोमवार, फरशी वाळल्यावर.

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. पांढऱ्या गोळ्याचा नमुना, झाकणाच्या डब्यात. (डबा परत मिळावा.)
३. सिंकची जाळी, नवी, नग एक. वहिनीसाहेबांसाठी.